कॅन्सरवर विषाणूंचा उपचार: हे खरंच कुठवर आलंय?

रानजाई
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण डोक्याचा पार भुगा झालाय. माझ्या मावशीला मेंदूत ग्लायोब्लास्टोमा हा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमोच्या गोळ्या झाल्या आणि सात महिन्यांनी एमआरआयमध्ये गाठ परत दिसायला लागली. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी काहीतरी पाठवतंय. परवा एक व्हिडिओ आला, पोलिओच्या विषाणूने मेंदूतला कॅन्सर बरा होतो असा. मावसभाऊ रात्रभर तोच बघत बसला आणि सकाळी मला म्हणाला, ताई, काही झालं तरी हे करायचंच.

मला त्याचा हिरमोड करायचा नाही आणि माहिती नसताना हो ला हो पण म्हणायचं नाहीये. म्हणून विचारते, विषाणूने कॅन्सर बरा होतो यात खरं किती, कुठल्या कॅन्सरला हे चालतं, आणि इतकं चांगलं असेल तर सगळीकडे का देत नाहीत? कुणी जवळून बघितलं असेल तर प्लीज लिहा. गोड बोलून समजूत काढू नका, खरं तेच सांगा.

वाटसरू
वाचतोय. मावशींना बरं वाटो. मला तर विषाणूमुळे कॅन्सर होतो एवढंच ऐकून माहीत होतं, विषाणूने जातो हे नवीनच.

सूक्ष्मदर्शी
रानजाई, मी विषाणूंच्या लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे मावशींनी काय करावं हे मी सांगणार नाही. पण हे चालतं कसं ते सांगू शकतो कारण रोज तेच बघतो.

आम्ही प्लास्टिकच्या छोट्या बशीत पेशींचा सलग थर वाढवतो, वर विषाणूचा थेंब सोडतो आणि दोन-तीन दिवसांनी जांभळा रंग ओतून धुवून काढतो. पेशी जिवंत असतील तिथे जांभळं राहतं, विषाणूने पेशी फोडल्या तिथे स्वच्छ गोल भोक दिसतं, टाचणीच्या डोक्याएवढं. ती भोकं मोजली की मूळ द्रवात विषाणू किती होते ते कळतं. आता एका बशीत निरोगी पेशी आणि दुसरीत कॅन्सरच्या पेशी घ्या आणि दोन्हीत मुद्दाम दुबळा केलेला तोच विषाणू टाका. पहिली बशी जवळजवळ तशीच जांभळी राहते, दुसरी चाळणीसारखी होते. मी हे शेकडो वेळा बघितलंय तरी अजून बशी उजेडासमोर धरताना छातीत धडधडतं.

कारण असं की निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते, त्याने शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूला हातपाय पसरायला जागाच उरत नाही. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींनी वाढायच्या नादात ही यंत्रणा मोडून टाकलेली असते. वाढायला मोकळं रान मिळालं खरं पण दाराची कडीही गेली. विषाणू नेमका तिथून आत जातो, स्वतःच्या प्रती काढतो, पेशी फोडतो आणि पुढच्या पेशीत शिरतो.

बशीत. माणसात हे इतकं सोपं नाही, त्यावर नंतर लिहितो, आता सेंट्रीफ्यूज थांबलंय.

प्राजक्ता_म
म्हणजे काट्याने काटा काढायचा! काय सुरेख समजावलंत.

सूक्ष्मदर्शी
प्राजक्ताताई, धन्यवाद, पण काट्याने काटा हे चित्र मी आता वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका असं आग्रहाने सांगतो. सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटायचं की विषाणू गाठ खाऊन टाकेल आणि काम संपलं. प्रत्यक्षात एक-दोन आठवड्यांत शरीर विषाणूलाच हुसकावून लावतं, तेवढ्यात तो सगळी गाठ संपवू शकत नाही.

त्याचं खरं काम आहे बोंब ठोकायचं. कॅन्सरची गाठ प्रतिकारशक्तीसमोर घरचंच माणूस असल्यासारखी वावरते, कुणी तिला हटकत नाही. विषाणूने तिच्या पेशी फोडल्या की आतला सगळा ऐवज बाहेर सांडतो, वर विषाणूची चाहूल लागल्यामुळे टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, धावून येतात, आणि मग त्यांना कॅन्सरची ओळख पटते. याचा पुरावा म्हणजे मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरवरचं टी-व्हेक हे विषाणूपासून केलेलं औषध. ते थेट गाठीत टोचतात. पण मोठ्या चाचणीत टोचलेल्या गाठींपैकी बऱ्याच लहान झाल्याच, शिवाय न टोचलेल्या त्वचेखालच्या वगैरे गाठींपैकी सुमारे एक तृतीयांश निम्म्याने किंवा जास्त आकसल्या. फुप्फुस-यकृतासारख्या आतल्या अवयवांत मात्र हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच होतं. जिथे विषाणू टोचलाच नाही तिथली गाठ कुणी लहान केली? प्रतिकारशक्तीने.

तळटीप
सूक्ष्मदर्शी, फार छान. थोडा इतिहास लिहितो, कारण हे काल-परवाचं नाही. १९०४ मध्ये जॉर्ज डॉक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने एक केस छापली, रक्ताच्या कॅन्सरच्या एका बाईला फ्लूसारखा आजार झाला आणि तिच्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी काही काळ झपाट्याने कमी झाल्या. विषाणू म्हणजे काय हेही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. १९७१ मध्ये युगांडात बर्किट लिम्फोमा झालेल्या एका मुलाला गोवर आला आणि डोळ्यावरची गाठ विरघळली, त्याचा फोटोच छापलेला आहे.

मधल्या काळात, म्हणजे १९४९ ते १९६० च्या आसपास, डॉक्टरांनी हिपॅटायटिस, वेस्ट नाईल, अ‍ॅडिनोव्हायरस असे जिवंत आणि न सुधारलेले विषाणू रुग्णांना दिले. काहींच्या गाठी थोड्या दिवसांसाठी लहान झाल्या आणि काहींना त्या विषाणूंचाच आजार झाला. वेस्ट नाईलचे प्रयोग करणारे चेस्टर साउदम पुढे १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वृद्ध आजारी माणसांना न सांगता कॅन्सरच्या पेशी टोचल्याबद्दल गाजले. रुग्णाची संमती म्हणजे काय यावर तेव्हा मोठा वाद झाला. हे मुद्दाम लिहितोय, कारण आज ट्रायलच्या आधी वीस-पंचवीस पानी संमतीपत्र हातात देतात तेव्हा लोक वैतागतात. त्या कागदामागे या माणसांचं सोसणं आहे.

खरा बदल झाला १९९१ मध्ये. रॉबर्ट मार्टुझा आणि सहकाऱ्यांनी नागिणीच्या विषाणूचं एक जनुक काढून टाकलं आणि तो उंदरांतल्या मेंदूच्या गाठीवर वापरून दाखवला. मिळेल तो विषाणू घेण्याऐवजी हवा तसा घडवून घेण्याची सुरुवात तिथून झाली. मग २००५ मध्ये चीनने एच-१०१ या विषाणूच्या औषधाला मान्यता दिली, २०१५ मध्ये अमेरिकेने टी-व्हेकला, आणि २०२१ मध्ये जपानने मेंदूच्या ग्लायोमासाठी (ग्लायोब्लास्टोमा त्यातलाच एक) डेलिटॅक्ट या विषाणूच्या औषधाला, तीही सशर्त. रानजाई, हे शेवटचं तुमच्या कामाचं आहे.

सूक्ष्मदर्शी
एक दुरुस्ती. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर, तो कांजिण्यांचा विषाणू. मार्टुझांनी आणि टी-व्हेकमध्ये वापरलाय तो हर्पीस सिम्प्लेक्स, तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात तो. दोघं चुलतभाऊ, पण वेगळे.

तळटीप
बरोबर, चूक मान्य. धन्यवाद.

शुभदा_आर
मी नर्स आहे, टी-व्हेक देणाऱ्या टीममध्ये दोन वर्षं होते. कशी देतात ते सांगते, म्हणजे उगाच भीती राहणार नाही. कुपी उणे सत्तर अंशांच्याही खाली गोठवलेली असते. बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवायची, हलवायची नाही, नुसती हळूच फिरवायची. ती टीमही ठरलेली, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस त्यात नसतं. डॉक्टर गाठीत एकदाच सुई घालतात आणि पूर्ण बाहेर न काढता दिशा बदलून बदलून औषध सोडतात, पंख्याच्या पात्यांसारखं, म्हणजे गाठीच्या सगळ्या भागाला मिळतं. पहिला डोस सौम्य असतो, तीन आठवड्यांनी शंभरपट तीव्र, पुढे दर दोन आठवड्यांनी.

आणि त्यानंतरचं काम घरच्यांचं! टोचलेल्या जागेवर हवाबंद पट्टी ठेवायची, ती बदलताना हातमोजे घालायचे, काढलेली पट्टी पिशवीत बंद करून टाकायची. मी प्रत्येकाला सांगायचे, घरात तान्हं बाळ असेल तर पट्टीशी त्याचा संबंध येऊ देऊ नका. चुकून कुणाला लागण झालीच तर हर्पीसची नेहमीची गोळी, असायक्लोव्हिर, या विषाणूवरही चालते. ती सोय मुद्दाम राखलेली आहे. हे सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा.

अनाहत
माझ्या बाबांना हे मिळालं होतं म्हणून लिहितो. पायाच्या नडगीवर मेलॅनोमाच्या काळ्या-निळ्या गाठी आल्या होत्या, मोजून नऊ. पहिल्या डोसच्या संध्याकाळी त्यांना अशी हुडहुडी भरली की पलंग वाजत होता, ताप चढला, आणि मी घाबरून नर्सला फोन केला तर त्या म्हणाल्या असं होतं, दुसऱ्या दिवशी उतरेल. उतरला. तिसऱ्या डोसनंतर गाठी मोठ्या झाल्या तेव्हा आम्ही खचलोच, पण डॉक्टर म्हणाले थांबा, कधीकधी आधी सुजतात. आणि खरंच, पुढच्या दोन महिन्यांत एकेक गाठ सपाट होत गेली, नऊपैकी सहा जागी नुसता फिकट डाग राहिला. बाबा रोज सकाळी पाय खिडकीच्या उजेडात धरून बघायचे आणि आईला हाक मारायचे, बघ आज ही गेली.

पण पुढचंही सांगायला हवं. वर्षभराने यकृतात डाग निघाले आणि तिथे या औषधाचा उपयोग झाला नाही, मग दुसरी इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध, दिली. टी-व्हेक सुरू केल्यापासून पावणेदोन वर्षं बाबा आमच्यात होते. त्यातलं एक वर्ष ते स्वतःच्या पायाने हिंडले-फिरले, आणि गाठींतून जे सतत पाणी यायचं ते थांबलं. मला कुणी परत विचारलं तर मी परत हो म्हणेन.

प्राजक्ता_म
अनाहत, वाचून भरून आलं. बाबांचं ते खिडकीतलं बघणं डोळ्यासमोर उभं राहिलं.

कडूनिंब
सगळ्यांचं वाचलं. मला थोडं कडू बोलावं लागणार आहे. २०१५ च्या मान्यतेमागची आकडेवारी बघा, ४३६ रुग्ण, टिकाऊ प्रतिसाद, म्हणजे सहा महिने किंवा जास्त टिकलेला, टी-व्हेकमध्ये १६.३ टक्के आणि तुलनेतल्या औषधात २.१ टक्के. फरक मोठा आहे, पण १६ म्हणजे सहातला एक. नंतर टी-व्हेक आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी एकत्र देऊन मोठी चाचणी केली, तीही थांबवावी लागली कारण जोडीने दिल्याचा अपेक्षित फायदा दिसेना. यकृताच्या कॅन्सरवरची पेक्सा-व्हेक या दुसऱ्या विषाणू-औषधाची चाचणी २०१९ मध्ये बंद झाली. लॅटव्हियाचं रिगव्हिर हे विषाणूचं औषध तर वर्षानुवर्षं परदेशी रुग्णांनाही दिलं जात होतं आणि २०१९ मध्ये तपासणीत कुपीत सांगितल्यापेक्षा फारच कमी विषाणू निघाला!

हा राग माझा स्वतःचाही आहे. माझ्या सासऱ्यांना एका खाजगी क्लिनिकने व्हायरस थेरपी म्हणून सहा इंजेक्शनं दिली. कुठला विषाणू विचारलं तर नाव सांगितलं नाही, कागद मागितला तर नंतर देतो म्हणाले. ते सहा आठवडे आम्ही त्यांची चालू असलेली केमो थांबवून घालवले. ते आठवडे मला कुणी परत देणार नाही. म्हणून रानजाई, विषाणूचं पूर्ण नाव, ट्रायलचा नोंदणी क्रमांक आणि संमतीपत्र, या तीन गोष्टी जो देणार नाही त्याच्या दारात पाय ठेवू नका.

सूक्ष्मदर्शी
कडूनिंब यांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. फक्त अपयशी चाचण्यांवरून हा मार्गच बंद आहे असं कुणी समजू नये. केमोच्या इतिहासातही अशी ढीगभर अपयशं आहेत.

गार्गी
त्या क्रोएशियाच्या शास्त्रज्ञ बाईंबद्दल कुणी लिहिलं नाही अजून! बेआटा हलासी. स्वतः विषाणूतज्ज्ञ, २०२० मध्ये स्तनाचा कॅन्सर परत आला तेव्हा आपल्याच लॅबमध्ये वाढवलेला गोवराच्या लशीतला विषाणू आणि मग व्हीएसव्ही नावाचा दुसरा विषाणू स्वतःच्या गाठीत टोचून घेतला. गाठ लहान झाली, मऊ झाली, मग ऑपरेशनने काढली. २०२४ मध्ये त्यांनी शोधनिबंध छापला तेव्हा जवळपास चार वर्षं कॅन्सर परत आलेला नव्हता. मला त्या बाईंचं विलक्षण कौतुक वाटतं.

कडूनिंब
कौतुक मलाही आहे पण हे उदाहरण धोकादायक आहे. त्यांनी ऑपरेशननंतर वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरचं नेहमीचं औषधही घेतलं, मग श्रेय कुणाला किती द्यायचं? एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि हे वाचून कुणी घरी उद्योग केले तर?

गार्गी
घरी कोण विषाणू वाढवणार हो? आणि त्यांचे डॉक्टर लक्ष ठेवून होते, बिघडलं तर लगेच नेहमीचे उपचार सुरू करायचे असं ठरलं होतं. स्वतःच्या शरीराचा निर्णय स्वतः घेतला, आणि तो लपवला नाही.

शुभदा_आर
मी दोघांच्या मधे. त्यांचा निर्णय त्यांनी पूर्ण माहितीनिशी घेतला. पण माझ्यासमोर येतात ते रुग्ण त्या जागी नसतात, त्यांना ती माहिती कुणीतरी समजावून द्यावी लागते आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. माझी तळमळ त्यासाठी आहे.

वाटसरू
थोडं अवांतर, मूत्राशयाच्या कॅन्सरला बीसीजीची लस देतात ते हेच का? माझ्या काकांना दिली होती.

सूक्ष्मदर्शी
तत्त्व जवळचं, पण बीसीजी हा जिवाणू आहे, विषाणू नाही. तोही बोंब ठोकण्याचंच काम करतो. आणि तुमच्या पहिल्या प्रतिसादाबद्दल, हो, एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी हे विषाणू कॅन्सर घडवतात आणि दोन्हींवर लस आहे. ज्यांच्या घरात मुलंमुली आहेत त्यांनी एचपीव्हीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचाराच. गाठ आल्यावर आम्ही कितीही बशा रंगवल्या तरी गाठ न येण्याची सर त्याला नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आता परत माझ्या मूळ प्रश्नाकडे येऊ का? पोलिओचं काय, आणि जपानच्या त्या औषधाचं?

तळटीप
पोलिओचं काम ड्यूक विद्यापीठाचं. विषाणूच्या जनुकांचा एक तुकडा काढून तिथे सर्दीच्या विषाणूचा तुकडा बसवलाय, त्यामुळे तो चेतापेशींमध्ये वाढू शकत नाही. कवटीतून बारीक नळी थेट गाठीत घालून साडेसहा तास थेंबथेंब सोडतात. २०१८ मध्ये ६१ रुग्णांचे निकाल आले. जगण्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले तो काळ, साडेबारा महिने, जुन्या रुग्णांच्या नोंदींत ११.३ महिने, म्हणजे फारसा फरक नाही. पण तीन वर्षांनी २१ टक्के रुग्ण हयात होते आणि जुन्या नोंदींत ४ टक्के. बहुतेकांना मोठा फायदा झाला नाही, थोड्यांना खूप झाला. व्हिडिओ या थोड्यांचा असतो. आणि तुलना जुन्या नोंदींशी आहे, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट नाहीत. जपानच्या चाचणीत १९ रुग्ण होते, एक वर्षाने ८४.२ टक्के हयात, तिथेही शेजारी दुसरा गट नाही.

रानजाई
हे मी छापून भावाला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, पाचातला एक म्हणजे शून्य नाही ना ताई. मी म्हटलं, नाही, शून्य नाही.

काल आम्ही दोघं रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले गाठ एकच असेल आणि सुई पोचेल अशा जागी असेल तर अशा ट्रायलमध्ये घेतात, मावशीची दोन ठिकाणी आहे आणि एक खोलवर, तरी एमआरआय दोन केंद्रांना पाठवून विचारू, उत्तर येईपर्यंत दुसरी केमो थांबवायची नाही.

आणि मावशीने संध्याकाळी हा अख्खा धागा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. ती तीस वर्षं जीवशास्त्र शिकवायची. आता शब्द अडकतात, उजवा हात चालत नाही, पण मधेच मला थांबवून म्हणाली, त्या सूक्ष्मदर्शींना विचार, आपण सगळे पोलिओची लस घेतलेले, शरीर तो विषाणू ओळखणार, मग गाठीत पोचायच्या आधीच मारणार नाही का?

सूक्ष्मदर्शी
मावशी, नमस्कार. हा प्रश्न आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांपैकी दहात एखादाच विचारतो.

शिरेतून दिला तर तुम्ही म्हणता तसंच होतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या एका रुग्ण बाईंना गोवराचा विषाणू शिरेतून दिला, त्यात मोठा प्रतिसाद मिळाला, पण त्यांच्या रक्तात गोवराविरुद्धच्या अँटीबॉडी अगदी कमी होत्या आणि डोस तर एक कोटी लोकांना लस देता येईल एवढा होता. म्हणूनच बहुतेक ठिकाणी विषाणू थेट गाठीत सोडतात, रक्ताच्या वाटेने जायचंच नाही.

पण पोलिओच्या चाचणीत एक गोष्ट आहे जी तुम्हाला आवडेल. तिथे रुग्णांना उपचाराच्या आधी मुद्दाम पोलिओ लशीचा बूस्टर दिला. आधी उद्देश सुरक्षिततेचा होता, विषाणू मेंदूबाहेर भटकू नये म्हणून. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की पोलिओ ओळखणाऱ्या जुन्या टी पेशी गाठीत धावून येतात आणि कॅन्सरविरुद्धच्या लढ्याला जोर देतात. म्हणजे लहानपणीची लस इथे आड न येता उपयोगी पडू शकते.

रानजाई
वाचून दाखवलं. मावशी डाव्या हाताने कागदावर काहीतरी काढत बसलीये, एक गोल आणि त्याकडे जाणारे बाण. भाऊ शेजारी बसून बाणांना नावं देतोय. तिचा पुढचा प्रश्न तयार आहे, टी पेशी मेंदूत शिरतात कुठून. वेळ मिळेल तेव्हा सांगा.

सूक्ष्मदर्शी
आज रात्रीच लिहितो. मावशींना सांगा, चित्राचा फोटो टाका इथे.